शिळेवर कोरलेला पश्चात्ताप

चंद्रगुप्ताचा नातू सम्राट अशोक आपल्या मुलांना नावाने ठाऊक आहे. त्याने काय लिहून ठेवले, हेही त्यांना सांगा. इ. स. पूर्व २६१ च्या सुमारास त्याने कलिंग जिंकले. एक लाख माणसे मारली गेली, दीड लाख बंदी करून नेली गेली, आणि कितीतरी पटींनी अधिक नंतर मेली. हे आकडे शत्रूने नव्हे, खुद्द विजेत्यानेच तेराव्या शिलालेखात कोरविले. तेही लोकांच्या प्राकृत भाषेत. कलिंग त्याने परत केले नाही, हेही खरे. धौली-जौगडच्या शिळांवर मात्र हा लेख नाही. तेथे अधिकाऱ्यांना न्यायाने वागण्याची आज्ञा आहे. धम्म स्वीकारणे म्हणजे केवळ नाव बदलणे नव्हे. आपली चूक चारचौघांत मान्य करून वागणूक बदलणे होय.