पदवीवर ज्यांचं नाव असतं, ते स्वामी रामानंद तीर्थ नेमके कोण होते?

रेणापूरच्या कॉलेजात जाणाऱ्या, नुकतंच मतदार यादीत नाव आलेल्या पोरांना विचारून बघा, आपला विधानसभा मतदारसंघ कुठला? काही जण बिनधास्त रेणापूर सांगतील. गोपीनाथ मुंडे इथून निवडून यायचे, हे घरोघरी ऐकलेलं असतं ना. पण रेणापूर नावाचा मतदारसंघ २००९ च्या निवडणुकीपासून उरलेलाच नाही. मतदारसंघांची पुनर्रचना झाली आणि रेणापूर तालुका लातूर ग्रामीणमध्ये गेला.

आता दुसरा प्रश्न. १५ ऑगस्ट होऊन महिना झाला की १७ सप्टेंबरला पुन्हा झेंडावंदन कशाचं? आणि तिसरा. तुमच्या डिग्रीवर ज्यांचं नाव छापलेलं असतं, ते स्वामी रामानंद तीर्थ कोण? इथे हमखास येणारं उत्तर म्हणजे, कुणीतरी महाराज असतील.

भगवे कपडे घालायचे, संन्यास घेतला होता, एवढं खरं आहे. पण या माणसाने मठ काढला नाही, कीर्तन-प्रवचनात आयुष्य घातलं नाही. त्यांनी आधी शाळेत पोरांना शिकवलं आणि मग निजामाच्या राज्यात, सरकार निवडण्याचा हक्क रयतेचा आहे, एवढी एक मागणी घेऊन अनेकदा तुरुंगात गेले.

मूळ नाव व्यंकटेश खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३ चा, सिंदगीचा. हे गाव आज कर्नाटकात विजयपूर जिल्ह्यात आहे. शिक्षणासाठी ते सोलापूरला होते. गांधीजींची असहकाराची हाक आली तेव्हा त्यांनी सरकारी शाळा सोडली आणि पुढे राष्ट्रीय शिक्षण देणाऱ्या संस्थांतून शिक्षण पुरं केलं. कामगार नेते ना. म. जोशी यांच्याबरोबर काही काळ काम केलं, पण आजारपणाने ते थांबलं. १९२९ मध्ये ते हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिक्षक म्हणून आले. हिप्परगा म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातलं गाव, तेव्हा निजामाच्या मुलखात. १९३२ मध्ये संन्यास घेतला आणि व्यंकटेशचे रामानंद तीर्थ झाले. १९३५ मध्ये बाबासाहेब परांजपे आणि इतर सहकाऱ्यांसोबत मोमिनाबादला गेले. मोमिनाबाद म्हणजे आपलं अंबाजोगाई. रेणापूरहून गाडीने तासाभराची वाट. तिथल्या योगेश्वरी शाळेत या मंडळींनी जी पोरं घडवली, त्यातली कितीतरी पुढे लढ्यात उतरली.

शाळा चालवणाऱ्या माणसाला लढ्यात का उतरावं लागलं, हे कळायला निजामाचं राज्य आतून कसं होतं ते बघायला पाहिजे.

हैदराबाद संस्थानात १६ जिल्हे होते. त्यातले औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे ५ मराठी मुलखातले. लोक मराठी, तेलुगू, कन्नड बोलायचे, पण कचेरी आणि कोर्टाचा कारभार उर्दूत. उस्मानिया विद्यापीठातलं शिक्षणही उर्दूत. सभा घ्यायची तर आधी परवानगी. तो हुकूम गश्ती निशान ५३ म्हणून ओळखला जायचा. गश्ती म्हणजे सरकारी परिपत्रक. खासगी शाळा काढायची तरी सरकारची मर्जी लागायची.

शेजारचं सोलापूर ब्रिटिश मुलखात होतं. ब्रिटिशांचं राज्य काही रयतेचं नव्हतं, पण तिथे निदान १९३७ मध्ये निवडणुका झाल्या आणि मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आलं. मत सगळ्यांना नव्हतं, तरी निवडून आलेली माणसं मंत्री झाली. सीमा ओलांडून निजामाच्या हद्दीत आलं की असलं काही नाही. मंत्री नेमणार निजाम, काढणार निजाम. कर भरणाऱ्याने विचारायचं कुणाला?

म्हणून १९३७ मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन झालं, १९३८ मध्ये दुसरं लातूरला. त्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेस काढायचं ठरलं, तर ती स्थापन व्हायच्या आतच सप्टेंबरमध्ये सरकारने तिच्यावर बंदी घातली. जन्माआधीच बंदी आलेली संघटना तशी दुर्मीळच. ऑक्टोबरपासून सत्याग्रह सुरू झाला आणि शाळा सोडून आलेले स्वामीजी तुरुंगात गेले. याच वर्षी उस्मानियाच्या विद्यार्थ्यांनी वसतिगृहात वंदे मातरम् म्हणायचा हट्ट धरला. त्यांना काढून टाकलं, तेव्हा बरेच जण नागपूर विद्यापीठात जाऊन शिकले. त्यातलेच एक पी. व्ही. नरसिंह राव, पुढचे पंतप्रधान.

निजामाने सुधारणाही देऊ केल्या होत्या, हे सहसा सांगितलं जात नाही. विधिमंडळ असेल, पण जहागीरदार, व्यापारी, शेतकरी अशा गटवारीने त्यात प्रतिनिधी बसतील आणि मंत्री त्यांना जबाबदार नसतील. वरवर बघितलं तर हे निवडणुकीसारखंच दिसतं. मंत्रिमंडळाला घरी पाठवायचा अधिकार मात्र त्यात नव्हता. स्टेट काँग्रेसने ही योजना नाकारली. मला विचाराल तर नागरिकशास्त्राच्या तासाला हा एकच किस्सा नीट सांगितला, तरी जबाबदार सरकार म्हणजे काय ते पोरांच्या डोक्यात पक्कं बसेल.

१९४६ मध्ये बंदी उठली आणि स्वामीजी स्टेट काँग्रेसचे अध्यक्ष झाले. १५ ऑगस्ट १९४७ ला दिल्लीत जल्लोष चालू असताना हैदराबादेत तिरंगा फडकवणाऱ्या स्वामीजींना अटक झाली. नोव्हेंबरच्या जैसे थे करारानंतर सुटका, जानेवारीत पुन्हा अटक. ते आत असताना बाहेर रझाकारांचा धुमाकूळ सुरू होता. त्यांचा म्होरक्या कासीम रझवी हा लातूरचाच वकील. आज गावात पोरांना रझवीचं नाव ठाऊक असतं, स्वामीजींचं नसतं, हे मला फार खटकतं.

रझवीमुळे बऱ्याच जणांना वाटतं की हा लढा हिंदू विरुद्ध मुसलमान असा होता. विलीनीकरणाच्या बाजूने लिहिणारे इमरोज दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान यांना ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनीच मारलं. पुढे पोलीस कारवाईनंतर उस्मानाबाद, नांदेड भागात निरपराध मुसलमानांवर अत्याचार झाले. त्याची चौकशी करायला केंद्राने पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. स्टेट काँग्रेसची मागणी रयतेच्या सरकारची होती आणि रयतेत सगळेच येत होते.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या, १७ तारखेला निजाम शरण आला आणि स्वामीजी सुटले. सप्टेंबरातलं झेंडावंदन ते हेच. देश स्वतंत्र झाल्यावर मराठवाड्याने तेरा महिने जास्त काढले.

लढ्याचा नेता मग मुख्यमंत्री झाला असेल असं वाटतं. तसं झालं नाही. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीनंतर हैदराबाद राज्याचे मुख्यमंत्री बुर्गुला रामकृष्ण राव झाले. पक्षात दोन गट होते आणि स्वामीजींचा गट मागे पडला. ते गुलबर्ग्यातून लोकसभेवर गेले, १९५७ मध्ये औरंगाबादमधून. या पहिल्या निवडणुकीत २१ वर्षांवरच्या प्रत्येक बाई-माणसाला मत होतं. जिथे चार वर्षांपूर्वी सभेलाही परवानगी लागत होती, तिथे शेतमजूर आणि जहागीरदार एकाच रांगेत उभे राहिले. मतदानाचं वय १८ झालं ते पुढे १९८९ मध्ये.

हैदराबाद राज्य मोडून भाषेप्रमाणे वाटणी व्हावी, असंही स्वामीजींचं मत होतं. खरं तर तीन भाषांच्या या राज्यातच त्यांचं सगळं राजकारण उभं होतं. ते मोडलं तर स्वतःचीच जागा जाणार, तरी ते मागे हटले नाहीत. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात.

स्वामीजींचा शिकवण्याचा नाद कायम होता. नांदेडचं पीपल्स कॉलेज ज्या संस्थेने १९५० मध्ये काढलं, तिच्या उभारणीत ते होते. मराठवाड्यातल्या पोरांना शिकायला हैदराबादला जायला लागू नये, ही त्यामागची गरज होती. लढ्याच्या आठवणी त्यांनी इंग्रजीत लिहून ठेवल्या, १९६७ मध्ये त्या पुस्तकरूपाने आल्या. २२ जानेवारी १९७२ ला हैदराबादेत ते गेले.

नांदेडच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. त्याची स्थापना १९९४ ची, तारीख मुद्दाम १७ सप्टेंबर. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली या चार जिल्ह्यांतली कॉलेजं त्याला जोडलेली आहेत, रेणापूरचीसुद्धा.