ॲडमिरल चार्लस मोम्सेन

शत्रूचीं जहाजें बुडविणाऱ्या वीरांचीं चरित्रें आपण आवडीनें वाचतों. बुडालेल्या बोटींतून स्वकीयांस जिवंत वर कसें आणावें, या चिंतेनें ज्याच्या ऐन उमेदीचीं वर्षें व्यापिलीं, अशा एका नाविकाची हकीकत आम्ही येथें देत आहों.

चार्लस मोम्सेन यांचा जन्म १८९६ सालीं न्यूयॉर्क येथें झाला. आरमारी विद्यालयांतील शिक्षण संपवून ते पाणबुडी बोटींच्या शाखेंत शिरले. १९२५ च्या सप्टेंबरांत ते एस-१ या बोटीचे कप्तान असतां तिचीच भगिनी एस-५१ हिला रात्रीं आगबोटीची धडक बसून ती बुडाली. शोधास गेलेल्या मोम्सेन यांस तेलाचा तवंग व बुडबुडे तेवढे दिसले. खालीं त्यांचे मित्र होते. पण त्यांस वर काढण्याचें कांहींच साधन जवळ नव्हतें. ३३ जण गेले.

तेव्हांपासून त्यांच्या मनानें एकच ध्यास घेतला. तळाशीं उघडी, कडेस रबराची पट्टी असलेली घंटेच्या आकाराची पोलादी पेटी बुडालेल्या बोटीच्या दारावर घट्ट बसवावी, तींतील पाणी हवेच्या दाबानें हांकलावें, मग दार उघडून माणसें वर घ्यावीं, अशी योजना आंखून त्यांनीं ती वरिष्ठांकडे धाडली. वर्ष लोटलें तरी उत्तर नाहीं. पुढें त्यांचीच बदली वॉशिंग्टनच्या त्या कचेरींत झाली, तों आपलेच कागद तेथें पडून राहिलेले त्यांस आढळले! त्यानंतर ती योजना अव्यवहार्य म्हणून फेटाळण्यांत आली. कचेऱ्यांचा धर्म सातासमुद्रांपलीकडेहि तोच दिसतो.

१७ डिसेंबर १९२७ रोजीं मॅसॅच्युसेट्समधील प्रॉव्हिन्सटाउनजवळ एस-४ ही पाणबुडी पृष्ठभागीं येत असतां किनारारक्षक दलाच्या पॉल्डिंग जहाजाची तिला धडक बसली व ४० जणांसह ती सुमारें १०० फूट खोल तळास गेली. दुसऱ्या दिवशीं टॉम ईडी नांवाच्या पाणबुड्यानें खालीं उतरून बोटीच्या अंगावर ठोकून पाहिलें. पुढच्या खोलींतून उलट ठोके आले, सहा. सहा माणसें जिवंत होतीं! टाक्यांत हवा भरून बोट उचलण्याचा यत्न फसला. वादळ उठलें. दुसऱ्या एका पाणबुड्याची हवेची नळी खालीं अडकली, त्यास ईडी यांनीं स्वतःचा जीव धोक्यांत घालून सोडविलें. आंतील सहा जण सांकेतिक ठोक्यांनीं पुन्हां पुन्हां विचारणा करीत होते. त्यांतील लेफ्टनंट फिच यांस पत्नी व आई अखंड प्रार्थना करीत असल्याचा निरोप पाठविण्यांत आला. त्याहून अधिक देण्यासारखें वरच्या ताफ्यापाशीं कांहीं नव्हतें. तीन दिवस पुरे होण्याआधींच ठोके थांबले. ज्या पेटीनें ते कदाचित् वांचते, तिचा नकाशा त्या वेळीं नामंजूर होऊन पडला होता.

लोकक्षोभ झाला, तेव्हां मोम्सेन यांस मोकळीक मिळाली. त्यांनीं गळ्यांत अडकविण्याची रबराची पिशवी तयार केली. तींत प्राणवायु भरीत व उच्छ्वासांतील कर्बाम्ल वायु सोडा-लाइमच्या डब्यांत शोषला जाई. प्रयोग त्यांनीं प्रथम स्वतःवर केले. एस-४ वर काढून प्रयोगासाठीं ठेविली होती. १९२९ सालीं तिच्यांतूनच, सुमारें २०० फूट खोलीवरून, ते या पिशवीच्या आधारें वर आले. पेटीचें कामहि सुरू झालें. तिला अखेरचें रूप ॲलन मॅकॅन या अधिकाऱ्यानें दिलें.

२३ मे १९३९ रोजीं न्यू हॅम्पशायरच्या किनाऱ्याजवळ स्क्वालस ही नवी बोट चांचणीची बुडी घेत असतां हवेची झडप उघडी राहून मागचा भाग पाण्यानें भरला. २६ जण बुडाले. ३३ जण सुमारें २४० फुटांवर पुढच्या भागांत अडकले. मोम्सेन वॉशिंग्टनहून धांवले. दुसऱ्या दिवशीं पेटीच्या चार खेपांत तेहतीसहि जण वर आले. चवथ्या खेपेंत दोर अडकून पेटी कित्येक तास मधेंच लोंबकळत राहिली व मध्यरात्र उलटली. मागच्या भागीं कोणी असेल म्हणून पांचवी खेपहि केली. तेथें पाणीच होतें.

पुढच्याच आठवड्यांत इंग्रजांची थेटिस पाणबुडी लिव्हरपूलच्या उपसागरांत बुडाली. तिची शेपटी पाण्याबाहेर दिसत असतांहि ९९ जण गेले, चारच सुटले.

दुसऱ्या महायुद्धांत मोम्सेन यांनीं पाणबुड्यांच्या तुकडीचें व पुढें एका युद्धनौकेचें नेतृत्व केलें. १९५५ सालीं ते निवृत्त झाले व १९६७ सालीं वारले. रबराच्या पिशवीस त्यांचें नांव मिळालें. पेटीला मात्र मॅकॅन यांचें.