बहिष्कृत स्पिनोझा

२७ जुलै १६५६ रोजी अॅमस्टरडॅममधील पोर्तुगीज ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात बारूख स्पिनोझा या २३ वर्षांच्या तरुणावरील बहिष्काराचा निर्णय वाचून दाखविण्यात आला. त्याच्याशी कोणी बोलू नये, पत्रव्यवहार करू नये, एका छपराखाली राहू नये, चार हातांच्या आत जाऊ नये, त्याने लिहिलेले काही वाचू नये, असा तो आदेश होता. आपल्याकडे ज्याला वाळीत टाकणे म्हणतात, त्याचेच हे उग्र रूप.

हा आदेश देणारा समाज स्वतः छळातून पळून आलेला होता. स्पेन-पोर्तुगालमध्ये त्याच्या पूर्वजांना बळाने ख्रिस्ती करण्यात आले होते. कष्टाने परत मिळविलेला धर्म पुन्हा हातचा जाईल आणि आसरा देणाऱ्या हॉलंडची मर्जीही गमवावी लागेल, या धास्तीतून त्याची कर्मठता वाढली होती.

अशा समाजातून बाहेर पडणारे सारे एकाच स्वभावाचे असतात, असे मात्र नाही. उरिएल दा कोस्टा याने मौखिक धर्मशास्त्र नाकारले, आत्म्याच्या अमरत्वावर शंका घेतली; १६२४ मध्ये त्याचा ग्रंथ जाळण्यात आला. एकाकीपण असह्य होऊन तो परतला, पुन्हा भांडला, पुन्हा शरण आला. भर मंदिरात ३९ फटके खाऊन आणि उंबरठ्यावर आडवे पडून त्याने प्रायश्चित्त घेतले, आणि १६४० मध्ये स्वतःवर गोळी झाडून जीवन संपविले. स्पिनोझा तेव्हा लहान मुलगा होता. हुआन दे प्रादो हा वैद्य निराळ्या वळणाचा. त्याने माफी मागितली. तरीही १६५८ मध्ये तो बहिष्कृत झालाच, आणि पुढे परत घेण्यासाठी विनवण्या करीत राहिला.

स्पिनोझाने यांपैकी काहीच केले नाही. वडिलांच्या पश्चात भावासह चालविलेला व्यापार सुटला. बारूखचा तो बेनेडिक्टस झाला, पण ख्रिस्ती झाला नाही. दुर्बिणी व सूक्ष्मदर्शकांची भिंगे घासून, मित्राने ठेवलेल्या अल्पशा वर्षासनाच्या आधाराने, तो ऱ्हाइन्सबर्ग, फोरबर्ख आणि शेवटी हेग येथे भाड्याच्या खोल्यांत राहिला. १६७० मध्ये विचारस्वातंत्र्याचा कैवार घेणारा त्याचा ग्रंथ निनावी प्रसिद्ध झाला. १६७४ मध्ये हॉलंडच्या सत्ताधाऱ्यांनी त्यावर बंदी घातली. १६७३ मध्ये हायडलबर्ग विद्यापीठाने देऊ केलेले प्राध्यापकपद त्याने नाकारले, कारण प्रस्थापित धर्माला धक्का न लावण्याची मर्यादा नेमकी कोठे संपते, हे कोणी सांगू शकत नव्हते. २१ फेब्रुवारी १६७७ रोजी, ४४ व्या वर्षी, त्याचा मृत्यू झाला. त्याचा मुख्य ग्रंथ ‘एथिक्स’ त्यानंतरच छापला गेला.

त्याला निर्विकार साधू समजणेही चूक होय. जुन्या समाजाविषयीची त्याची काही विधाने कडवट आहेत. १६७२ मध्ये जमावाने डी विट बंधूंची हत्या केली, तेव्हा निषेधाचा फलक घेऊन निघालेल्या स्पिनोझाला घरमालकाने दार बंद करून अडविले, असे लायब्निट्सने नोंदवून ठेवले आहे. राग त्यालाही येत असे. तो रागावर जगला नाही, इतकेच.

परंतु ही स्थिरता केवळ स्वभावाची देणगी मानली, तर दा कोस्टावर अन्याय होईल. स्पिनोझाला बाहेर लॅटिन शिकविणारा गुरू भेटला, कर्मकांड न मानणारे ख्रिस्ती स्नेही भेटले, पोट भरणारी कला हाती होती. दा कोस्टाला बाहेर असे घर मिळाले नाही. म्हणूनच ज्यांनी त्याला झिडकारले, त्यांच्याच दाराशी त्याला पुनःपुन्हा यावे लागले.

स्पिनोझावरील बहिष्कार उठवावा काय, यावर २०१५ मध्ये अॅमस्टरडॅम येथे विद्वानांची चर्चा झाली. तो उठविण्यात आला नाही. स्पिनोझाचे त्याने काही बिघडत नाही. प्रश्न उरतो तो त्याच्याइतका खंबीर नसलेल्यांचा. पंथ सोडणाऱ्याच्या स्वभावाची परीक्षा करण्यापूर्वी, त्याच्यासाठी बाहेर एखादे तरी दार उघडे होते काय, हे पाहणे न्यायाचे ठरेल.