विश्लेषण : ‘पाहिजे’, ‘म्हणजे’ आणि ‘करसू’… मराठी क्रियापदांचा माग काढणारे इतिहासाचार्य राजवाडे

दिवसातून किती वेळा आपण ‘पाहिजे’ म्हणतो? चहा पाहिजे, सुट्टी पाहिजे, नेटवर्क पाहिजे. हे क्रियापद मराठीतल्या इतर क्रियापदांसारखे वागत नाही, हे मात्र सहसा लक्षात येत नाही. ‘मी चहा पितो’ असे आपण म्हणतो, पण ‘मी चहा पाहिजे’ असे म्हणत नाही. तिथे ‘मला’ लागते. असे का, हा प्रश्न शाळेत कुणी विचारला तर बहुतेक वेळा ‘तसा नियम आहे’ एवढेच उत्तर मिळते. नियम कुठून आला, हे विचारणारे एक गृहस्थ शंभर वर्षांपूर्वी धुळ्यात राहत होते. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे. लोक त्यांना ओळखतात ते मराठ्यांच्या इतिहासाची कागदपत्रे गोळा करणारे म्हणून. त्यांनी मराठीच्या क्रियापदांवरही तेवढ्याच हट्टाने काम केले, ही बाजू तुलनेने कमी सांगितली जाते.

राजवाडे कोण होते?

जन्म १८६३, मूळ गाव तेव्हाच्या कुलाबा म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातले वरसई. वडील लहानपणीच गेले. शिक्षण पुण्यात झाले आणि काही काळ शाळेत शिकवले. पत्नीचे तरुणपणीच निधन झाले. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही आणि नोकरीही फार काळ केली नाही. १८९४ मध्ये ‘भाषांतर’ नावाचे मासिक काढले. परदेशी भाषांतले मोठे ग्रंथ मराठीत यावेत, हा त्यामागचा हेतू होता. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’चा अनुवाद त्यांनी स्वतः केला. मासिक तीनेक वर्षेच चालले.

त्यानंतर वाईला जुन्या कागदांचा साठा हाती लागला आणि आयुष्याची दिशाच बदलली. १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड आला, त्यात पानिपतापर्यंतच्या दशकातली पत्रे होती. पुढे या मालिकेचे २२ खंड झाले. गावोगाव पायी फिरायचे, वाड्यांच्या माळ्यांवरची दप्तरे उघडायची, स्वतःचे अन्न स्वतः शिजवायचे, असा त्यांचा दिनक्रम असे. इंग्रजी उत्तम येत असूनही त्यांनी लिहिले ते मराठीतच. त्यामुळे त्यांचे काम महाराष्ट्राबाहेर फारसे पोहोचले नाही. ही किंमत त्यांनी जाणूनबुजून मोजली.

१९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, त्याच्या संस्थापकांत राजवाडे होते. पुढे मतभेद झाले आणि ते मंडळापासून दूर गेले. स्वभाव तापट, मते टोकाची, माघार घ्यायची सवय नाही. शेवटच्या काळात ते धुळ्यात राहिले.

जुन्या पत्रांतून व्याकरणाकडे कसे वळले?

हजारो पत्रे वाचणाऱ्या माणसाला भाषा बदलताना डोळ्यांसमोर दिसते. राजवाडे यांनी ती चक्क मोजली. वेगवेगळ्या काळातले कागद घेऊन त्यातले फारसी शब्द किती आणि मराठी किती, याचा हिशेब त्यांनी मांडला. १६२८ च्या कागदात मराठी शब्द सुमारे १४ टक्के भरले. १६७७ च्या कागदात ते ६२ टक्क्यांच्या आसपास गेले आणि १७२८ च्या कागदात ९३ टक्क्यांच्या पुढे. आजच्या भाषेत हे डेटा अ‍ॅनालिसिसच. नमुना अगदी लहान होता, हे खरे. पण भाषेबद्दलचा दावा आकड्यांनी तपासायचा, ही कल्पनाच त्या काळी नवी होती.

अशा मिश्र भाषेत एक गोष्ट मात्र ठाम राहते. नावे, विशेषणे भराभर बाहेरून येतात, वाक्याचा कणा असलेले क्रियापद सहजी हलत नाही. ‘अर्ज केला’, ‘हुकूम दिला’, ‘मंजूर झाले’ यातले पहिले शब्द बाहेरचे, पण करणे, देणे, होणे मराठीच. आज आपण ‘फॉर्म सबमिट केला’, ‘रिचार्ज मारला’ म्हणतो, तेव्हा तेच घडते. एखादा परका शब्द थेट क्रियापद झालाच, तरी त्याला मराठी प्रत्यय घ्यावे लागतात. ‘बदल’ हा अरबी शब्द फारसीमार्गे आला. त्याचे ‘बदलणे’ झाले आणि मग बदलला, बदलली, बदलले अशी रूपे सुरू झाली. भाषा कोणाची, हे ठरवायचे असेल तर शब्दसंख्येपेक्षा क्रियापद बघावे, ते जास्त खरे बोलते.

ज्ञानेश्वरीत काय सापडले?

बीड जिल्ह्यातल्या पाटांगण इथे राजवाडे यांना ज्ञानेश्वरीची एक जुनी हस्तलिखित प्रत मिळाली. ती १९०९ मध्ये छापली गेली धुळ्यातून, सत्कार्योत्तेजक सभेमार्फत. ही सभा शंकर श्रीकृष्ण देव यांनी सुरू केलेली. म्हणजे राजवाडे धुळ्यात स्थिरावण्याच्या कितीतरी आधीपासून या शहराशी त्यांचे नाते होते. त्याच सुमारास त्यांनी ज्ञानेश्वरीतल्या मराठीचे व्याकरण लिहिले. तेराव्या शतकातली क्रियापदे, विभक्ती, सर्वनामे यांची एकेक रूपे सुटी करून ती संस्कृत आणि प्राकृतातून कशी उतरली, हे त्यात मांडले आहे.

आता ‘पाहिजे’कडे परत येऊ. जुन्या मराठीत ‘कीजे’, ‘बोलिजे’, ‘जाणिजे’ अशी रूपे भरपूर आहेत. त्यांचा अर्थ ‘केले जाते’, ‘बोलले जाते’, ‘जाणले जाते’. ही कर्मणी रूपे. संस्कृतातल्या ‘क्रियते’मधला ‘य’ प्राकृतात ‘ज्ज’ झाला आणि मराठीत ‘जे’ होऊन उरला. पुढे ही रचना मराठीने सोडून दिली, ‘जाणे’ हे सहायक क्रियापद जोडून काम भागवले. पण दोन रूपे रोजच्या वापरात अडकून राहिली. ‘पाहणे’चे ‘पाहिजे’ आणि ‘म्हणणे’चे ‘म्हणिजे’, म्हणजेच आजचे ‘म्हणजे’.

त्यामुळेच ‘मला चहा पाहिजे’ या वाक्यात क्रियापदाचा संबंध माणसाशी नाही, चहाशी आहे. एक आंबा पाहिजे, चार आंबे पाहिजेत. आंबे वाढले की क्रियापद बदलते, मागणारे वाढले तरी ते तसेच राहते. सातशे वर्षांपूर्वीची रचना अशी रोज किराणा दुकानात वापरली जाते.

आंबा खाल्ला, चिंच खाल्ली

मराठी शिकणाऱ्या परभाषकांना सर्वात जास्त छळणारी जागा ही. ‘ती आंबा खाते’ यात क्रियापद तिच्याकडे बघते. काळ भूत केला की तेच क्रियापद तोंड फिरवते. तिने आंबा खाल्ला, त्याने चिंच खाल्ली. खाणारा कोण, याची पर्वा नाही. इंग्रजीत असे होत नाही. कानडी, तमिळमध्येही नाही, तिथे क्रियापद कर्त्याशीच बांधलेले असते. हिंदी आणि गुजरातीत मात्र असेच होते. तिकडे दूर कॉकेशसमधल्या जॉर्जियन भाषेतही कर्त्याला ठरावीक काळातच वेगळा प्रत्यय लागतो.

आपल्याकडे हे कसे आले, त्याचे उत्तर संस्कृतात आहे. संस्कृतात भूतकाळाची खास क्रियापदे होती. पण बोलताना लोक ‘त्याच्याकडून आंबा खाल्लेला’ अशा धाटणीची रचना अधिकाधिक वापरू लागले. ‘खाल्लेला’ हे मुळात विशेषण, ते आंब्याचे लिंग आणि वचन घेणारच. प्राकृतात तीच रचना भूतकाळाची नेहमीची पद्धत बनली आणि मराठीने ती तशीच उचलली. ‘त्याने’मधला ‘ने’ त्या ‘त्याच्याकडून’चा अर्थ अजून सांभाळून आहे. ‘मी’ला वेगळा प्रत्यय दिसत नाही, पण जुन्या मराठीत ‘म्यां केले’ होते. आणि खेड्यात अजूनही ‘म्या केलं’ ऐकू येते. त्याला अशुद्ध म्हणणाऱ्यांनी जरा थांबावे. व्याकरणाच्या हिशेबाने ते प्रमाण मराठीपेक्षा जुने आहे.

‘तो करतो, ती करते’ याचीही गोष्ट तशीच. संस्कृतात ‘करोति’ स्त्री-पुरुष दोघांना चालते. मराठीत लिंग आले, कारण ‘करतो’ हे ‘करत असलेला’ या अर्थाच्या जुन्या विशेषणापासून बनले.

मग अहिराणीचे काय?

राजवाडे ज्या शहरात राहत होते, तिथल्या बाजारात प्रमाण मराठीपेक्षा वेगळी क्रियापदे चालत. अहिराणीत ‘तो करस’ आणि ‘ती करस’ यात फरक नाही. म्हणजे वर सांगितलेला लिंगभेद इथे नाहीच. भविष्यकाळात ‘मी करसू’. त्याची तुलना मराठीच्या ‘करीन’शी केली तर नाते लागत नाही. गुजरातीच्या ‘करीश’शी आणि संस्कृतच्या ‘करिष्यामि’शी केली तर लगेच लागते, तो ‘स’ तिन्हीकडे आहे. ‘गेला’ऐवजी ‘गया’ म्हणताना अहिराणी हिंदी-गुजरातीच्या बाजूला उभी राहते. गंमत अशी, की मराठीच्या ‘गेला’तला ‘ल’ शेजारच्या गुजरातीच्या ‘गयो’त नाही, पण पार बंगालीच्या ‘गेलो’त आहे.

अशाच खुणांवरून जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाने १९०७ मध्ये खानदेशीला मराठीच्या खंडात न ठेवता भिल्ली भाषांच्या खंडात, गुजरातीच्या जवळ ठेवले. अहिराणी ही मराठीची बोली की वेगळी भाषा, हा वाद तेव्हापासून चालू आहे. जनगणनेत ‘खानदेशी’ची नोंद वेगळी होते. २००१ मध्ये ही भाषा नोंदवणारे सुमारे २० लाख ७५ हजार होते, २०११ मध्ये १८ लाख ६० हजार. लोकसंख्या वाढत असताना आकडा घटला.

जळगावच्या बाजूला चित्र आणखी वेगळे. तिथे लेवा बोली आहे. राजवाडे धुळ्यात जुन्या पोथ्यांतले धातू वेचत होते, तेव्हा आसोद्यात १८८० मध्ये जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी त्या बोलीतच ओव्या रचत होत्या, लिहिता-वाचता येत नसताना. चाळीसगावजवळच्या पाटण इथला १२०६ चा शिलालेख भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने कोरवला. तो संस्कृतात आहे, पण शेवटचा भाग मराठीत. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवणाऱ्या मठाला कुणी काय द्यायचे, हा व्यवहार लोकांना कळायला हवा होता, म्हणून लोकांची भाषा. ज्ञानेश्वरीच्या ८४ वर्षे आधीची ही खानदेशातली मराठी आहे.

राजवाडे कुठे घसरले?

बऱ्याच ठिकाणी. १९२० च्या सुमाराच्या ‘संस्कृत भाषेचा उलगडा’त त्यांनी थेट पाणिनीलाच हात घातला. पाणिनी नियम सांगतो, पण ते नियम कसे घडले हे सांगत नाही, असा त्यांचा मुद्दा होता. ‘अहम्’ आणि ‘वयम्’ ही एकाच सर्वनामाची रूपे इतकी वेगळी का? राजवाडे यांच्या मते वैदिक भाषा एकाच मुळातून आलेली नाही, अनेक जुन्या बोलींच्या मिश्रणातून ती तयार झाली. पवित्र मानलेली भाषाही माणसांच्या सरमिसळीतून घडते, हा विचार धाडसी होता. पण त्या जुन्या बोलींची रूपे त्यांनी पुष्कळदा निव्वळ तर्काने उभी केली.

शब्दांच्या व्युत्पत्तीतही तोच दोष. मराठी धातू दिसला की त्याला संस्कृत मूळ शोधायचेच, हा त्यांचा आग्रह होता. द्राविडी भाषांतून किंवा देशी बोलींतून आलेल्या शब्दांवर त्यामुळे अन्याय झाला. फ्रेंच अभ्यासक ज्यूल ब्लॉक यांचे मराठीच्या घडणीवरचे पुस्तक १९२० मध्ये आले. तुलनात्मक भाषाशास्त्राची शिस्त त्यात जास्त आहे. समाजाकडे बघण्याची राजवाडे यांची दृष्टीही जातीच्या चौकटीतली होती आणि त्यावर कठोर टीका झाली आहे, ती योग्यच आहे. ज्ञानेश्वरीच्या प्रतीबाबत तर अडचण वेगळीच झाली. मूळ हस्तलिखित पुढे अभ्यासकांना तपासायला मिळाले नाही, त्यामुळे त्याच्या वयाचा वाद कायमचा लटकला.

धातुकोशाचे काय झाले?

३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात राजवाडे यांचे निधन झाले. वय ६३. मागे घर-शेती नव्हती, होते ते कागद. पोथ्या, दप्तरे, टिपणे आणि मराठी धातूंच्या नोंदींचा मोठा साठा. हे सगळे विखुरण्याआधी धुळेकरांनी १९२७ मध्ये राजवाडे संशोधन मंडळ स्थापन केले. त्यात भास्कर वामन भट यांच्यासारखे स्थानिक लोक पुढे होते. एका जिल्ह्याच्या गावाने, विद्यापीठ जवळपास नसताना, व्याकरणाचे अपुरे काम अंगावर घेतले.

नोंदी लावण्याचे काम कृष्णाजी पांडुरंग कुलकर्णी यांनी केले आणि ‘राजवाडे मराठी धातुकोश’ १९३७ मध्ये मंडळाने प्रसिद्ध केला, लेखकाच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी. नामांच्या व्युत्पत्तीचा कोश त्यानंतर आला. कुलकर्णी यांनी पुढे १९४६ मध्ये स्वतःचा मराठी व्युत्पत्तिकोश काढला. त्यात राजवाडे यांच्या कामाचा आधार आहे आणि त्यांच्याशी मतभेदही.

मंडळाची इमारत, ग्रंथालय आणि संग्रहालय धुळ्यात आजही आहे. धातुकोशात ‘करणे’ आहे, ‘पाहणे’ आहे. ‘करसू’ आणि ‘करस’ची रूपे तितक्याच बारकाईने मांडणारा, त्या तोडीचा धातुकोश अहिराणीच्या वाट्याला अजून यायचा आहे.