‘न्यूनगंडा’मागचा माणूस : आल्फ्रेड अ‍ॅडलर

एखादा मुलगा चारचौघांत बोलायला बुजला, की त्याला न्यूनगंड आहे असा शेरा सहज मारला जातो. मानसशास्त्रातील फार थोडे शब्द इतके घरोघरी पोचले आणि वापरून वापरून इतके झिजले. ही संकल्पना रूढ करणाऱ्या आल्फ्रेड अ‍ॅडलर यांना मात्र त्यातून निराळेच काही सांगायचे होते. त्याचे मूळ त्यांच्या बालपणात सापडते.

व्हिएन्नाच्या वेशीवरील रुडोल्फ्सहाइम येथे ७ फेब्रुवारी १८७० रोजी एका ज्यू धान्यव्यापाऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. मुडदुसाने पाय अधू झालेले. थोरला भाऊ सिग्मंड मात्र धडधाकट. त्याच्यामागे धावताना आल्फ्रेडची दमछाक होई. धाकटा भाऊ घटसर्पाने दगावला तो आल्फ्रेडच्या शेजारच्याच अंथरुणात. पुढे लवकरच त्याला स्वतःला न्युमोनिया झाला आणि डॉक्टरांनी आशा सोडली. त्यातून वाचलेल्या या मुलाने डॉक्टर होण्याचे ठरवले. शाळेत गणितात गती नाही, म्हणून त्याला मोच्याच्या हाताखाली घालावे, असा सल्ला शिक्षकांनी वडिलांना दिला होता. वडिलांनी तो मानला नाही, आणि पुढे हाच मुलगा गणितात चमकला. अ‍ॅडलर या आठवणी आवडीने सांगत. सांगताना त्यांना थोडीफार झळाळी चढली असेलही. परंतु त्यांच्या सिद्धान्ताचा सांगाडा त्यांतच आहे.

१८९५ मध्ये वैद्यकीय पदवी घेऊन प्रथम नेत्रवैद्य आणि मग सामान्य डॉक्टर म्हणून त्यांनी व्यवसाय मांडला. प्राटर उद्यानाजवळच्या दवाखान्यात तेथील खेळांत कसरती करणारे लोकही येत. त्यांच्यापैकी काही जण लहानपणी अशक्त होते, हे अ‍ॅडलर यांच्या ध्यानात आले. दुबळ्या अवयवाची भरपाई करण्याची माणसाची धडपड हा १९०७ मधील त्यांच्या ग्रंथाचा विषय झाला.

तत्पूर्वी १९०२ मध्ये फ्रॉइड यांनी त्यांना आपल्या बुधवारच्या बैठकांचे निमंत्रण दिले होते. परंतु अ‍ॅडलर यांनी स्वतःला त्यांचा शिष्य कधीच मानले नाही. माणसाच्या मनाचे मूळ चालकबल कामप्रेरणा नसून उणेपणावर मात करण्याची ओढ आहे, हे मत फ्रॉइडना मानवणारे नव्हते. १९११ मध्ये दोघांच्या वाटा कायमच्या वेगळ्या झाल्या.

अ‍ॅडलर यांच्या मते न्यूनतेची भावना हा दोष नव्हे. प्रत्येक मूल मोठ्यांच्या जगात लहान आणि परावलंबी म्हणूनच येते. ती उणीव त्याला शिकायला, वाढायला लावते. गंड होतो तो ही भावना गोठून बसल्यावर, म्हणजे आपल्याला जमणारच नाही अशी खात्री पटून माणूस प्रयत्नच सोडतो तेव्हा. अहंगंड हेही त्यांच्या लेखी याच जखमेवरचे भपकेदार आवरण. आणि उपाय? इतरांशी जोडले जाण्याची, समाजाच्या उपयोगी पडण्याची वृत्ती. पहिल्या महायुद्धात लष्करी डॉक्टर म्हणून काम केल्यावर या गोष्टीवरचा त्यांचा भर वाढला. त्यानंतर व्हिएन्नाच्या शाळांतून त्यांनी बालमार्गदर्शन केंद्रे उभारली; तेथे पालक व शिक्षक यांच्यासमक्ष मुलाशी बोलणे होई. १९३४ मध्ये ऑस्ट्रियातील हुकूमशाही राजवटीने ती बंद पाडली.

तोवर अ‍ॅडलर यांचे कार्यक्षेत्र अमेरिकेत सरकले होते. १९३२ पासून ते लाँग आयलंड वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक होते. अखेरचे महिने मात्र घोर चिंतेत गेले. थोरली मुलगी व्हॅलेंटाइन मॉस्कोत होती आणि तिची खबर येईनाशी झाली होती. सोव्हिएत पोलिसांनी तिला अटक केली होती. पुढे बंदिवासातच तिचा अंत झाला. वडिलांना ते कधी कळले नाही. व्याख्यानांच्या दौऱ्यावर असताना २८ मे १९३७ रोजी स्कॉटलंडमधील अ‍ॅबर्डीनच्या रस्त्यावर चालता चालता ते कोसळले आणि गेले. त्यांच्या अस्थी एडिंबरोच्या दहनगृहात विस्मृतीत पडून राहिल्या. २००७ मध्ये त्यांचा शोध लागला आणि २०११ मध्ये त्या व्हिएन्नाला परत नेण्यात आल्या.