चित्रकथांचे शिल्पकार : ओसामू तेझुका

चित्रकथा म्हणजे घटकाभराची करमणूक, अशी सर्वसाधारण समजूत आहे. मुलगा चित्रकथेत डोके खुपसून बसला की घरातील वडील माणसांच्या कपाळावर आठी उमटते. जपानमध्येही एके काळी हीच समजूत होती. परंतु ज्या देशाने महायुद्धात आपली शहरे जळताना पाहिली, त्याच देशातील एका तरुणाने ही करमणुकीची वस्तू हाती घेतली आणि तिच्यातून जीवनमरणाचे प्रश्न मांडले. त्याने मुलांना हसवले, रडवले आणि विचार करायलाही लावले. त्या थोर चित्रकथाकाराचे नाव ओसामू तेझुका.

ओसामूचा जन्म ओसाका शहराजवळील तोयोनाका या गावी ३ नोव्हेंबर १९२८ रोजी झाला. तीन भावंडांत तो सर्वांत थोरला. तो पाच वर्षांचा असताना तेझुका कुटुंब ताकाराझुका या गावी राहावयास गेले. त्या गावी स्त्रियांचे एक प्रसिद्ध संगीत नाटकगृह होते. तेथे पुरुषांच्या भूमिकाही स्त्रियाच करीत. आई ओसामूला ती नाटके दाखवावयास नेई. घरी ती त्याला चित्रकथा वाचून दाखवी, आणि वाचताना प्रत्येक पात्राचा आवाज निरनिराळा काढी. वडिलांजवळ चित्रपट दाखविण्याचे लहानसे यंत्र होते. त्यावर हलती व्यंगचित्रे पाहताना ओसामू देहभान विसरून जाई.

शाळेत मात्र त्याचे दिवस फारसे सुखाचे नव्हते. तो अंगाने किरकोळ, केस कुरळे आणि डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा. त्यामुळे वर्गातील मुले त्याला चिडवीत. पण ओसामूच्या हातात पेन्सिल आली की चिडविणारी मुलेच त्याच्याभोवती कोंडाळे करीत. त्याने वहीत काढलेल्या चित्रकथा वर्गभर हातोहात फिरू लागल्या. आपल्या रेषेत माणसे जोडण्याची शक्ती आहे, हे त्याला त्या वयातच उमगले.

त्याचा दुसरा छंद कीटकांचा. रानावनांत हिंडून तो भुंगेरे आणि फुलपाखरे गोळा करी व त्यांची बारकाव्यांसह चित्रे काढी. ‘ओसामुशी’ नावाचा एक भुंगेरा असतो, हे कळताच त्याला फार मौज वाटली. जपानी लिपीत अक्षरांना अर्थ असतात. ओसामूने आपल्या नावाला ‘कीटक’ या अर्थाचे अक्षर जोडले आणि तेच त्याचे लेखणीचे नाव झाले. इवल्याशा किड्यालाही मोलाचा जीव आहे, ही जाणीव त्याच्या मनात या छंदातूनच रुजली.

पुढे अमेरिकेशी युद्ध पेटले आणि शाळकरी मुलांनाही कारखान्यांत राबावे लागले. त्याच काळात ओसामूच्या दोन्ही हातांना बुरशीचा भयंकर रोग जडला. हात गमवावे लागतात की काय, अशी वेळ आली. परंतु एका डॉक्टरांच्या उपचारांनी ते वाचले. ज्याचे सारे सुख बोटांत साठवलेले होते, त्या मुलाला या उपकाराचे मोल कसे सांगावे! आपणही डॉक्टर व्हावे, असे त्याला वाटू लागले.

१९४५ च्या जून महिन्यात ओसाकावर विमानांनी बाँबचा वर्षाव केला. ओसामू त्या वेळी कारखान्याच्या टेहळणीच्या मनोऱ्यावर पहाऱ्याला होता. बाँब अगदी जवळ पडले. तो कसाबसा बचावला. पण खाली उतरल्यावर त्याने जे पाहिले, ते त्याला जन्मभर विसरता आले नाही. चहूकडे आगीचे लोट उठले होते आणि योदो नदीच्या काठी प्रेतांचे खच पडले होते. दोन महिन्यांनी, १५ ऑगस्टला, युद्ध थांबले. ओसामू आगगाडीने ओसाकाला गेला. किती तरी दिवस अंधारात बुडालेल्या त्या शहरात दिवे लागले होते. ते दिवे पाहून आपण जिवंत आहोत, ही जाणीव त्याच्या मनात उसळून आली. जगणे ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे त्याला त्या रात्री कळले. त्याच्या पुढील सर्व कथांचा उगम या अनुभवात आहे.

त्याच वर्षी ओसामूने ओसाका येथे वैद्यकीय शिक्षणास आरंभ केला. दिवसा तो शरीरशास्त्राचे पाठ घेई आणि रात्री चित्रकथा काढी. १९४६ च्या जानेवारीत मुलांच्या एका वृत्तपत्रात त्याची पहिली चित्रमाला छापून आली. तेव्हा तो अवघा सतरा वर्षांचा होता. पुढील वर्षी ‘नवे खजिन्याचे बेट’ हे त्याचे पुस्तक निघाले. शिचिमा साकाई यांच्या कल्पनेवरून त्याने ते चित्रित केले होते. कागद दुर्मिळ, लोक भुकेकंगाल. अशा त्या काळातही या स्वस्त पुस्तकाच्या सुमारे ४ लाख प्रती खपल्या, असे सांगतात.

या पुस्तकात असे नवे काय होते? त्यापूर्वीच्या बहुतेक चित्रकथा नाटकासारख्या असत. प्रेक्षकाला समोरून रंगमंच दिसावा, त्याप्रमाणे प्रत्येक चौकटीत पात्रे डोक्यापासून पायापर्यंत उभी दिसत. तेझुकांनी चौकटीला चित्रपटाच्या कॅमेऱ्याचे डोळे दिले. नायक मोटार हाकीत बंदराकडे निघाला आहे, एवढीच घटना त्यांनी अनेक चौकटींत दाखविली. एका चौकटीत मोटार दूर दिसते, दुसरीत ती अंगावर धावून येते, तिसरीत नायकाचा उत्सुक चेहराच तेवढा समोर येतो. शब्द फारसे नाहीत. तरी वाचणाऱ्याला वेग जाणवतो. कागदावरचे चित्र स्थिरच असते. परंतु एका चौकटीकडून दुसरीकडे जाताना वाचकाचे मन ते हलविते, हे रहस्य तेझुकांनी ओळखले होते.

त्यांच्या पात्रांचे डोळे मोठे आणि टपोरे असत. अमेरिकन व्यंगचित्रपट आणि ताकाराझुकाच्या रंगभूमीवरील नटी यांचा तो संस्कार होता. डोळे मोठे असले म्हणजे त्यांत आनंद, भीती, करुणा हे सारे भाव ठळकपणे दाखविता येतात. त्यांची आणखी एक गंमत होती. नाटक कंपनीतील एकच नट आज राजा, तर उद्या चोर होतो ना? तशीच तेझुकांची ठरावीक पात्रे निरनिराळ्या कथांत निरनिराळ्या भूमिका घेऊन येत. त्यांतील झुपकेदार मिशांचे म्हातारेबुवा तर वाचकांच्या घरचेच होऊन गेले.

वैद्यकी की चित्रकथा, असा पेच पुढे तेझुकांसमोर उभा राहिला. डॉक्टरांना समाजात मान होता, शाश्वत उत्पन्न होते. चित्रकथाकाराला यांपैकी काहीही नव्हते. तेझुकांनी आईचा सल्ला विचारला. दोहोंपैकी अधिक आवडते कोणते, एवढेच आईने विचारले. चित्रकथा, हे उत्तर ऐकताच, मग तेच काम कर, असे तिने सांगितले. तेझुकांनी १९५१ मध्ये वैद्यकीय शिक्षण पुरे केले, डॉक्टरकीचा परवानाही मिळविला. परंतु दवाखाना मात्र थाटला नाही.

१९५० मध्ये ‘जंगलसम्राट’ ही लिओ नावाच्या पांढऱ्या सिंहाची कथा सुरू झाली आणि १९५२ मध्ये ‘महाबली अ‍ॅटम’ या कथेने जपानी मुलांना वेड लावले. डॉक्टर तेन्मा नावाच्या शास्त्रज्ञाचा मुलगा अपघातात मरण पावतो. दुःखाने वेडापिसा झालेला बाप हुबेहूब त्याच्यासारखा यंत्रमानव घडवितो. परंतु यंत्राचा मुलगा वाढत नाही, हे पाहून तो त्याला सर्कशीला विकून टाकतो. पुढे ओचानोमिझू नावाचे एक दयाळू प्राध्यापक त्याला सोडवून आणतात. अ‍ॅटमच्या अंगी एक लाख अश्वशक्तीचे बळ आहे. तो आकाशात उडतो आणि दुष्टांचे पारिपत्य करतो. तरीही त्याचे खरे दुःख निराळेच आहे. माणसे त्याला आपला मानीत नाहीत आणि यंत्रांत तर तो वेगळाच. आपल्याहून वेगळ्या दिसणाऱ्याला आपण कसे वागवितो, हा प्रश्न तेझुकांनी अशा रीतीने मुलांपुढे ठेवला. त्यांच्या कथांत नायकाचा नेहमी विजय होतोच असे नाही. कधी कधी तो मरतोही. मुलांना दुःख कळत नाही, असे तेझुकांनी कधीच मानले नाही.

सर्वांनाच हे रुचले नाही. १९५५ च्या सुमारास जपानमधील अनेक पालक आणि शिक्षक चित्रकथांविरुद्ध खवळून उठले. चित्रकथांनी मुले बिघडतात, असे म्हणून कोठे कोठे पुस्तकांच्या होळ्याही झाल्या. तेझुकांवरही टीकेचा भडिमार झाला. ते मात्र काढीतच राहिले. रात्ररात्र जागावे, एकाच वेळी अनेक मासिकांची पाने पुरी करावी, असा त्यांचा क्रम होता. एवढ्या व्यापातही त्यांनी अभ्यास सोडला नाही. एका जातीच्या पाणगोगलगाईच्या पेशींवर संशोधन करून त्यांनी १९६१ मध्ये नारा येथील वैद्यकीय विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली.

टोकिओमधील तोकिवासो नावाच्या एका साध्या लाकडी चाळवजा इमारतीत तेझुका १९५३ मध्ये राहावयास आले. त्यांच्या मागोमाग अनेक होतकरू तरुण चित्रकार तेथे आले. त्यांत ‘नवे खजिन्याचे बेट’ वाचून लहानपणीच थक्क झालेले दोन मित्र होते. १९५४ मध्ये जागा सोडताना तेझुकांनी आपली खोली त्यांना दिली आणि घरमालकाकडे भरलेली अनामत रक्कमही त्यांच्यासाठी तशीच राहू दिली. त्या मित्रांपैकी एक हिरोशी फुजिमोतो. त्यांनी पुढे निर्माण केलेला निळा यंत्रबोका ‘डोरेमॉन’ महाराष्ट्रातील मुलांच्याही ओळखीचा आहे. गुरूने मोकळ्या करून दिलेल्या खोलीत शिष्यांची कला अशी बहरली.

हलत्या चित्रांचे बालपणीचे वेड तेझुकांना स्वस्थ बसू देईना. त्यांनी ‘मुशी प्रॉडक्शन’ ही संस्था काढली. मुशी म्हणजे कीटक! १ जानेवारी १९६३ रोजी अ‍ॅटम जपानच्या दूरचित्रवाणीवर अवतरला. दर आठवड्याला अर्ध्या तासाचा नवा भाग तयार करणे अशक्य आहे, असे जाणकार म्हणत. तेझुकांनी युक्ती योजली. हालचालीसाठी कमीत कमी चित्रे काढायची, फक्त ओठ किंवा डोळेच हलवायचे आणि एकदा काढलेली चित्रे जपून ठेवून पुन्हा वापरायची. मालिकेचे १९३ भाग झाले आणि ती परदेशांतही गाजली. मात्र तेझुकांनी ती फार अल्प किमतीत दिली. त्यामुळे पुढील चित्रकारांनाही थोड्या मोबदल्यात राबावे लागले, असा आक्षेप त्यांच्यावर घेतला जातो. त्यात तथ्य नाही, असे म्हणता येत नाही.

काळ पालटला. नव्या दमाचे चित्रकार पुढे आले आणि तेझुकांची शैली जुनी झाली, असे लोक म्हणू लागले. १९७३ मध्ये मुशी प्रॉडक्शनचे दिवाळे वाजले. आता हा माणूस संपला, असे पुष्कळांना वाटले. परंतु त्याच वर्षी तेझुकांनी ‘ब्लॅक जॅक’ ही कथामाला सुरू केली. तिचा नायक चेहऱ्यावर टाक्यांचे व्रण असलेला, परवाना नसलेला शल्यविशारद आहे. तो बाहेरून कठोर दिसतो, भरमसाट पैसे मागतो. पण एक जीव वाचविण्यासाठी तो प्राणपणाने झुंजतो, आणि सर्व कौशल्य पणाला लावूनही कधी कधी मृत्यूपुढे हरतो. तेझुकांनी सोडलेली वैद्यकी अशी त्यांच्या कामी आली. कथामाला अतिशय लोकप्रिय झाली आणि तेझुका पुन्हा उभे राहिले.

१९७२ पासून १९८३ पर्यंत त्यांनी ‘बुद्ध’ ही भव्य चित्रकथा काढली. कपिलवस्तूचा राजपुत्र सिद्धार्थ तिचा नायक असला, तरी तिच्यात गुलाम, दरोडेखोर, पशू आणि पक्षी या सर्वांना स्थान आहे. भुकेल्या पाहुण्याला देण्यास दुसरे काही नाही म्हणून स्वतःच अग्नीत उडी घेणाऱ्या सशाची जातककथा पहिल्याच प्रकरणात येते. भारतात जन्मलेली ही कथा अशा रीतीने जपानी रेषांतून जगभर पोहोचली. ‘अग्निपक्षी’ ही तर त्यांची जन्मभराची साधना. अमर पक्ष्याच्या मागे धावणाऱ्या माणसांची ती कथा त्यांनी आयुष्यभर लिहिली, तरी ती अपुरीच राहिली.

१९८८ मध्ये तेझुकांना पोटाच्या कर्करोगाने ग्रासले. रुग्णालयात अंथरुणावर पडूनही त्यांचा हात चालूच होता. अगदी अखेरीसही, मला काम करू द्या, अशी विनवणी ते करीत होते. ९ फेब्रुवारी १९८९ रोजी, वयाच्या साठाव्या वर्षी, टोकिओत त्यांचे निधन झाले. तीन चित्रकथा अर्ध्यावरच राहिल्या. त्यांनी काढलेल्या पृष्ठांची संख्या सुमारे १,५०,००० भरते. १९९४ मध्ये ताकाराझुका येथे त्यांच्या स्मरणार्थ संग्रहालय उघडण्यात आले.

आज जपानमध्ये शाळकरी मुलांपासून वृद्धांपर्यंत सर्वजण चित्रकथा वाचतात. वडील माणसांच्या कपाळावरील आठी सरळ करण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात तेझुकांना आहे. त्यांनी डॉक्टरकीचा व्यवसाय केला नाही. परंतु युद्धाने होरपळलेल्या देशातील मुलांना प्रत्येक जीव अनमोल आहे, ही शिकवण त्यांनी दिली. डॉक्टरांनी वाचविलेल्या त्या दोन हातांनी आपले ऋण अशा रीतीने फेडले.