समाधिसाधक आचार्य श्री शांतिसागरजी महाराज

अरण्याच्या कुशीत राहणाऱ्या आपणा चंद्रपूर-गडचिरोलीकरांना मृत्यूचे भय परके नाही. ते भय जिंकणारे चारित्रचक्रवर्ती प. पू. आचार्य श्री १०८ शांतिसागरजी महाराज हे पूर्वाश्रमीचे सातगौडा पाटील, बेळगाव जिल्ह्यातील भोज गावचे. जन्म १८७२, मुनिदीक्षा १९२०, यरनाळ येथे. वृद्धापकाळी दृष्टी मंदावली, पावलाखालचा जीव दिसेना. देह राखावा की अहिंसा महाव्रत, असा प्रश्न उभा राहिला. महाराजांनी व्रत राखले. १९५५ साली कुंथलगिरी सिद्धक्षेत्री त्यांनी सल्लेखना स्वीकारली. २६व्या दिवशी, देह क्षीण झाला असताही, श्रावकांना मराठीतून निर्भयतेचा व आत्मचिंतनाचा उपदेश केला. ३६व्या दिवशी, १८ सप्टेंबर रोजी, समाधिमरण साधले. त्यांच्या पावन चरणी त्रिवार नमोस्तु!